चहातला च, चाकातला च

घुमीच्या घरी पूर्वी जेवायला एका हाकेत कुणी बसत नसे. आई ताटं वाढून हाक मारायची आणि आतल्या खोलीतून बाबांचं ठरलेलं उत्तर यायचं, "जरा थांब, एवढं पान होऊ दे." त्या एका पानाची चार पानं व्हायची, भाजी निवायची, आईचा पारा चढायचा. "त्या पुस्तकांशीच संसार करायचा होता," असं ती ऐकवायची आणि बाबा शांतपणे पान उलटायचे. हा माणूस जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासत आला होता. दिवसभर लोकांच्या चुका वाचून घरी परतला की जिवाला बरं वाटावं म्हणून पुन्हा वाचतच बसायचा. छापखान्यात त्यांना सगळे 'वेलांटी' म्हणत, कारण चुकलेली वेलांटी त्यांच्या नजरेतून कधी सुटायची नाही.

मग नजरच सुटत गेली. आधी ओळीचा मधला भाग धूसर झाला, पुढे भिंगातूनही अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. डॉक्टरांनी हात टेकले. बाबांनी आदळआपट केली नाही. खिडकीजवळची खुर्चीही हलवली नाही. फक्त आईने हाक मारली की ते पहिल्या हाकेला उठायला लागले. भिंतीला हात लावत यायचे आणि गुमान पाटावर बसल्यासारखे खुर्चीत बसायचे. आईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. एके दिवशी ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून घुमीला म्हणाली, "पहिल्या हाकेला येतात गं. मला ते बघवत नाही."

घुमी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे विहिरीतून कळशी ओढणं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. एका गोदामाच्या कचेरीत मालाची आवकजावक सांभाळणारा प्रोग्राम तिच्या हाती होता. त्याच्याशी बोलावं लागत नाही, हे तिच्या पथ्यावर पडलं होतं. आईचं बोलणं तिने मनावर घेतलं. त्या आठवड्यात बाबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर तिने आपला जुना लॅपटॉप मांडला आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यात बसवला. अनेक भाषांबरोबर तो मराठीही वाचायचा.

बाबांनी दोन पानं मुकाट्याने ऐकली. तिसऱ्या पानावर गोष्टीतला स्टेशनमास्तर कुणाला तरी 'जरा थांबा' म्हणाला आणि बाबांचे कान टवकारले.

"जागेतला ज हवा तिथे," ते म्हणाले. "हा पठ्ठ्या जीवातला ज लावतोय. त्याने अर्थ काय झाला माहितेय? जरा म्हणजे म्हातारपण. म्हातारपणा, थांबा, म्हणतोय तो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ते काही थांबत नसतं. बंद कर बाई."

त्यांचं चुकलं नव्हतं. तो प्रोग्राम चाक, चूल, चांगलं, चोर सगळ्यांत चहातला च घालत होता. ज्याने गळालेला अनुस्वारही कधी सोडला नाही, त्याने हे ऐकत गोष्ट कशी वाचायची? लॅपटॉपवर फडकं पडलं. बाबा पहिल्या हाकेला जेवायला येत राहिले.

दुसरी कुणी असती तर तिथेच सोडून दिलं असतं. पण हा प्रोग्राम ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येई आणि दुरुस्ती करून पाठवताही येई. मात्र पाठवलेलं लगेच आत जात नसे; प्रोग्राम सांभाळणारा राखणदार आधी तपासायचा. इथला राखणदार कुठल्याशा दूरच्या देशातला होता आणि नावाच्या जागी त्याने घुबडाचं चित्र लावलं होतं. घुमीने संध्याकाळी कचेरीतून आल्यावर कोड वाचायला घेतला, मराठी उच्चारांची जागा शोधली आणि नियम लिहिला: चि, ची, चे असेल तर चहातला च, बाकी सगळीकडे चाकातला. 'ज'चंही तसंच. चाक, चूल, जरा ऐकून पाहिलं, सगळं झकास. मोठ्या उत्साहाने तिने बदल पाठवला.

घुबडाचं उत्तर आलं. नियम नीटनेटका लिहिला आहे, पण तो बरोबर आहे हे कशावरून? कुणी ऐकून तपासलं? तपासणीचे शब्द जोडा, तोवर हे घेता येणार नाही.

घुमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मापासून बोलतेय ती भाषा आणि हा विचारतोय कशावरून. रविवारी सकाळी ती बाबांच्या खोलीत नुसती बसून राहिली.

"आज बोलत नाहीस?" बाबांनी विचारलं.

"मी रोजच बोलत नाही."

"आज जास्त बोलत नाहीयेस."

तेव्हा तिने सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. घुबडाने शेऱ्यासकट परत पाठवलं म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. "अगं, मग हे प्रूफच की. पहिलं प्रूफ कधी स्वच्छ निघालंय? ऐकव बघू."

घुमीने आपला नवा नियम घालून एक पान लावलं. दुसऱ्याच वाक्यात कुणी तरी चहा मागितला आणि प्रोग्रामने चाकातला च लावून तो दिला. बाबा हसायला लागले. किती महिन्यांनी हसत होते. आई हातातलं काम टाकून दारात आली. घुमीचा चेहरा उतरला, कारण नियमाला जो चहा तिने नाव म्हणून वापरला होता, तोच नियमातून निसटला होता.

"विचार लाव," बाबा म्हणाले. तोही बिघडला. "चष्मा?" तोही. "चार?" तोही. "लिहून घे. छापखान्यात आम्ही असंच करायचो, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पकडायचं. वाचणारा नवशिका आहे, एवढंच."

त्या दिवसापासून काम लागलं. जो आवाज वाचक म्हणून बाबांना सहन होत नव्हता, तो शिकाऊ उमेदवार म्हणून त्यांना गोड वाटायला लागला. चुकला की ते चुटकी वाजवत आणि घुमी शब्द टिपून घेई. स्वयंपाकघरातल्या शब्दांना आई आली. चाळण, चटका, चव सगळी चाकातली निघाली. चमच्यापाशी सगळे अडले. त्यात पहिला च चहाचा आणि दुसरा चाकाचा.

"चमचा दोन्हीकडचा असायचाच," आई म्हणाली.

एक शब्द मात्र सुटेना. म्हातारपणाचं जरा आणि थोड्या वेळाचं जरा लिहायला सारखंच. "दोन्हींतलं एकच ठेवता येईल," घुमी म्हणाली.

"थोड्या वेळाचं ठेव," बाबा म्हणाले. "म्हातारपणाचा उच्चार चुकला तर चुकू दे."

घुबडाने आणखी दोनदा परत पाठवलं आणि दोन्ही वेळा बाबा खूश झाले. शेवटी त्याने बदल आत घेतला आणि विचारलं, ऐकून तपासणाऱ्याला कोणत्या नावाने आभार द्यायचे? प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तेव्हा घुमीने आभाराची यादी बाबांना त्याच प्रोग्रामकडून वाचून दाखवली. परक्या नावांच्या रांगेत 'वेलांटी' ऐकू आलं. बाबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. "उच्चार बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

नंतरच्या एका दुपारी आईने ताटं वाढली आणि हाक मारली. आतल्या खोलीत तो आवाज वाचत होता. भिंतीला लागलेल्या हाताची चाहूल आली नाही, खुर्चीही सरकली नाही. घुमी उठून बघणार तोच बाबांचा आवाज आला, "जरा थांब, एवढं पान होऊ दे."

आईने दुसरी हाक मारली नाही. "निवू दे भाजी," ती म्हणाली आणि घुमीशेजारी बसून राहिली.