काम माफ झालेली चूल

सामाईक कामातून एखाद्या घराला दयेपोटी सूट दिली, तर त्या घराचे भले होते की नुकसान? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी या आठवणी लिहायला घेतल्या. प्रश्न पुस्तकी वाटेल. पण मला तो तलासरी तालुक्याच्या पूर्वेकडील एका पाड्यावर, ओढ्याच्या काठी पडला.

२०१४ च्या पावसाळ्यात माझी बदली त्या पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत झाली. डहाणूहून रोज जाणे-येणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून शाळेजवळच्या एका घराची पडवी मी भाड्याने घेतली. शनिवारी दुपारी घरी जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे, असा क्रम ठरून गेला. त्याच काळात मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास करीत होते. सार्वजनिक वस्तूंवर त्यात एक प्रकरण होते. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो आणि ज्या लाभापासून कोणालाही रोखता येत नाही, तिच्यासाठी कष्ट करायला माणूस टाळाटाळ करतो, कारण दुसऱ्याने कष्ट केले तरी त्याचा लाभ बुडत नाही. हा युक्तिवाद मला पटला होता आणि आजही बराचसा पटतो.

पाड्याच्या खालच्या अंगाला ओढा होता. भाताची कापणी उरकली आणि ओढ्याची धार मंदावली, की त्यावर दगड, मातीने भरलेली पोती आणि पालापाचोळा यांचा बांध घातला जाई. पुढच्या पावसात तो वाहून जाई, म्हणून दरवर्षी नवा घालावा लागे. अडलेल्या पाण्याचे दोन उपयोग होते आणि पुढचे सारे समजण्यासाठी त्यांतला भेद लक्षात ठेवला पाहिजे. घागरीने पाणी कोणीही, केव्हाही न्यावे. त्याला कोणाची आडकाठी नव्हती. मात्र पाटाने शेतात पाणी घ्यायचे, तर पाळी लागे. पाण्याची ही पाळी माणसागणिक नव्हे, जमिनीगणिकही नव्हे, तर चुलीगणिक ठरलेली असे.

हे मला कळले ते एका टोपलीमुळे. दिवाळीनंतरच्या एका दुपारी, पाड्यात सगळे जिला काकी म्हणत, ती वयस्क बाई माझ्या पडवीपाशी आली.

"बाई, तांदूळ द्या."

"कशाचे?"

"उद्या बांध घालायचा. चुलीमागे ओंजळभर तांदूळ आणि एक माणूस. तांदळाचा भात तिथंच शिजतो."

"माझ्याकडे चूल कुठे आहे, काकी? गॅस आहे."

काकीने मान वाकवून आत पाहिले. "त्यावर भात शिजतो ना?"

"शिजतो."

"मग चूलच ती. उद्या पदर खोचून या. पुस्तक नका आणू."

दुसऱ्या दिवशी मी पोत्यांत माती भरली. दगड माझ्याने उचलेनात. तरुण मुलांच्या नजरेतून तेही सुटले नाही. "बाईंचं पोतं अर्धंच आहे, हजेरीही अर्धीच लावा," असे एक जण म्हणाला आणि सगळे हसले. ज्यांच्या शब्दावर बांधाचे काम चाले, त्या म्हाताऱ्या आजांनी मात्र माझी चूल पुरी धरली. मला शेत नव्हते. माझ्या वाट्याचे पाणी मी शाळेच्या परसातल्या माठाच्या भाजीला आणि वांग्यांना दिले. पुस्तकात वाचलेली टाळाटाळ मला त्या दिवशी दिसली नाही. न येणाऱ्याची पाण्याची पाळी जाते, एवढा साधा नियम सर्वांना ठाऊक होता.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तापाने गेले. मागे राहिली तिची आई, ओढ्याकाठचा जमिनीचा एक पट्टा आणि त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला मोठ्या दिराचे शेत. दोन भावांच्या चुली पूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. त्या दिवाळीनंतर काकी टोपली घेऊन निघाली, तेव्हा त्या बाईच्या दारावरून ती न थांबता पुढे गेली. मी विचारले, तर म्हणाली, "तिचं यंदा नको. पोरीच्या तोंडचे तांदूळ कशाला काढायचे?" दिराने तिच्या वाटचे काम स्वतःच्या अंगावर घेतले होते. कोणीही याला वाईट म्हणणार नाही. मलाही त्यात माणुसकीच दिसली, आणि ती होतीच.

पण नियम आपले काम करीत राहिला. ज्या चुलीने तांदूळ दिले नाहीत आणि माणूस पाठवला नाही, ती चूल पाण्याच्या पाळीत धरली गेली नाही. तिचा पट्टा दिराच्या पाळीत मोडला. पाळी आली की पाट आधी दिराच्या वालाकडे जाई. वाल भिजेपर्यंत वेळ संपे आणि पुढचा शेतकरी पाणी वळवून नेई. तिने लावलेल्या मिरचीला पाझर तेवढा मिळाला. आजांकडे ती एकदा गेली, तर ते म्हणाले, "घे ना पाणी. घागरीने हवं तेवढं घे." तिने घागरी वाहून पाहिल्या. शाळेच्या वाटेवर ती मला म्हणाली, "घागरीने मिरची जगते, बाई. वाढत नाही."

संक्रांतीनंतर ती मुलीला घेऊन वीटभट्टीवर गेली. पाड्यातली इतरही काही घरे जात. पण मागे वयस्क माणूस असेल, तर मुले पाड्यावर राहत. तिच्यामागे कोणी नव्हते. पावसाच्या तोंडावर त्या दोघी परतल्या. मुलगी पाढे विसरली नव्हती. वर्गात बोलायचे विसरली होती.

त्याच्या पुढच्या दिवाळीत भट्टीच्या मुकादमाचा निरोप बांधाच्या आधीच आला. पाळीचे पाणी मिळाले नाही, तर निरोप स्वीकारून मुलीसह जावे लागणार, हे तिला माहीत होते. त्यामुळे त्या वर्षी काकीची टोपली तिच्या दारावरून पुढे जाते की थांबते, यावर मुलीचे वर्ष अवलंबून होते. माझे तांदूळ घेऊन काकी निघाली आणि मी सहज तिच्याबरोबर चालू लागले. ती बाई ओंजळीत तांदूळ घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"काकी, इथं टोपली धरा."

"राहू दे गं. तुला माफ आहे."

"कोणी केलं माफ? मी मागितलं होतं?"

"तुझ्या भल्यासाठीच ना."

"माझी मिरची वाळली, तीही भल्यासाठीच का?"

काकीने टोपली पुढे केली नाही आणि मागेही घेतली नाही. "आजांना विचार," ती म्हणाली. "माझ्या हातात टोपली आहे, पाणी नाही."

संध्याकाळी आजांच्या अंगणात माणसे जमली, कारण पहारी आणि घमेली कोणी आणायची हे ठरवायचे होते. मुलीची आई तिथे आली आणि तिने आपले म्हणणे मांडले. आधी दीर बोलला. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता.

"ती आमच्यातच आहे. तिचं काम मी करतो. गेलेल्या भावाच्या बायकोला दगड उचलायला लावले, तर लोक मला काय म्हणतील?"

"भावजी, तुम्ही माझं काम करता, म्हणून पाणीही तुमच्याच शेतात जातं," ती म्हणाली. "तुम्हाला नावं ठेवत नाही. स्वतःचा वाल तहानलेला असताना पाट कोण सोडेल?"

"चूल वाढली की सगळ्यांची पाळी लांबते," दीर म्हणाला. "आज तू मागितलीस. उद्या सासू-सून भांडून दोन चुली मांडतील आणि दोन पाळ्या मागतील."

या बोलण्यात तथ्य होते, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवते. पाणी ठरावीक असते. वाटेकरी वाढला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते किंवा उशिरा येते. दिराच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच म्हटले असते आणि अंगणातल्या पुष्कळांच्या माना त्याच्या बाजूने हलल्या.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "बाई एकट्या राहतात. इथल्याही नाहीत. त्यांची चूल धरता ना? मग माझी का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. "मी पोती भरते," एवढेच मी म्हणाले.

"अर्धी," मागून कोणी तरी म्हणाले. हशा झाला, पण थोडाच.

"अर्धी भरली तरी भरली," आजा म्हणाले आणि त्या बाईकडे वळले. "तू काय केलंस?"

"मला करू दिलं नाही."

आजांनी जमलेल्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी विचारले, "चूल वेगळी आहे, हे कोण सांगेल?"

काकी मागे बसली होती. ती म्हणाली, "मी सांगते. भात तिचा वेगळाच शिजतो. नवरा होता तेव्हाही वेगळाच शिजायचा. मीठ संपलं तर माझ्याकडे येते, जावेकडे नाही."

"मग टोपली हिच्या दाराकडे फिरव," आजा काकीला म्हणाले. त्या बाईला त्यांनी बजावले, "पोरगी लहान आहे, उशीर झाला, असलं काही उद्या ऐकणार नाही."

"येते वेळेवर."

"आणि पाणी पुरलं नाही तर?" दिराने विचारले.

"तर बांध एक थर उंच घ्या," ती म्हणाली. " हातही वाढलाच आहे ना."

दुसऱ्या दिवशी ती सर्वांच्या आधी ओढ्यावर होती. दगडांची साखळी लागली, तेव्हा दीर मुद्दाम दुसऱ्या टोकाला उभा राहिला. पोत्यांचा एक थर जास्त चढला. त्याने पाणी किती वाढले, हे मी मोजले नाही, म्हणून सांगू शकत नाही. काही दिवसांनी मुकादम आला, तेव्हा शाळेच्या कुंपणापाशीच त्यांचे बोलणे झाले.

"मिरची विकून राणी होणार का?" त्याने विचारले.

"राणी नाही होणार. घरी राहणार," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्या हिवाळ्यात तिच्या पट्ट्याला स्वतःच्या पाळीचे पाणी मिळाले. मिरची धरली. होळीच्या सुमारास ओढा आटला, तो दरवर्षीच आटे. त्यानंतर ती घोलवडच्या वाडीत चिकू निवडायला जाऊ लागली. सकाळच्या जीपने जाई आणि संध्याकाळी परत येई. शाळा सुटल्यावर मुलगी काकीकडे थांबे. परीक्षेपर्यंत ती एकही दिवस गैरहजर नव्हती, असे म्हणता येणार नाही. पण ती पाड्यावर होती. दीर तो सगळा हंगाम तिच्याशी बोलला नाही. मात्र एकदा तिच्या पट्ट्यात पाटाचा काठ फुटला, तेव्हा सगळ्यांत आधी धावला तोच, आणि काठ लिंपून झाल्यावर तसाच निघून गेला.

२०१९ मध्ये माझी बदली झाली. तोवर आणखी दोन चुलींनी आपले नाव पुढे केले होते. त्यांतली एक धरली गेली, एकीवरून भांडण झाले. पाण्याची पाळी लांबली, ही तक्रार मी निघाले तेव्हाही ऐकू येत होती आणि ती खोटी नव्हती.

तरी सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. पुस्तकाने मला सामाईक काम टाळणाऱ्या माणसाबद्दल शिकवले होते. काम मागणाऱ्या माणसाबद्दल त्यात काही नव्हते. जिथे हक्क कामातून मिळतो, तिथे काम माफ झाले की हक्कही जातो. तो कोणी हिरावून घेत नाही, म्हणून त्याबद्दल भांडायलाही कोणी सापडत नाही. सूट द्यायचीच असेल, तर कामातून द्यावी आणि पाण्याची पाळी मात्र त्या घराच्या नावाने वेगळी राखावी. आणि सूट हवी का, हे आधी त्या घराला विचारावे.

हे उत्तर एका पाड्यावरून, एका ओढ्यावरून काढलेले आहे. ते सगळीकडे लागू पडेलच, असा माझा दावा नाही. तुमच्या गावात किंवा इमारतीत सामाईक कामातून कोणाला सूट दिली आहे ते पाहा, त्या कामातून मिळणाऱ्या वस्तूत त्यांचा वाटा उरला आहे का ते त्यांनाच विचारा, आणि मी म्हणते ते खरे की खोटे, हे स्वतः तपासा.