मशीन मैनेचं नाव विचारत होतं

“बाई, चप्पल बाहेर. आन् तुम्ही बी बाहेरच.”

कॉम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्यावर सरांनी मला हे ऐकवलं. मागे वसतिगृहाच्या मुली रांगेत उभ्या. दोघी-तिघी हसल्या. सर हसले म्हणून हसल्या.

मी किनवटकडच्या एका निवासी शाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. मूळची लातूरकडच्या मुरुडजवळची. आमचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, एवढं सांगितलं की इकडं पुढचं कोणी विचारत नाही. सर म्हणजे कॉम्प्युटरचे मास्तर, संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे. घरी बागायत, अंगावर कडक इस्त्री.

त्या खोलीचं त्यांनी देऊळ केलं होतं. मशीनं आली तेव्हा नारळ फोडला, पडद्यांना हळदीकुंकू लावलं, दारावर लिंबू-मिरची टांगली. त्यानंतर मुलींनी आत जायचं ते फक्त झाडायला-पुसायला. एखादं मशीन बंद पडलं की सर दार आतून लावून घ्यायचे आणि फॉरमॅट मारायचे. म्हणजे आधीचं सगळं पुसून मशीन नव्यानं उभं करायचं. आत काय करता, असं मुलींनी विचारलं तर म्हणायचे, “तुमच्या डोक्याच्या बाहेरचं हाय.”

एकदा फॉरमॅट चालू ठेवून सर चहाला गेले. दार उघडं राहिलं. मैना झाडायला आत गेली. आठवीतली, जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची. वसतिगृहात माझा नियम आहे: शेवटी खोलीतून निघेल तिनं मेन बटण बंद करायचं. मैनेनं केलं. मशीन अर्ध्यात मेलं.

सरांनी तिला भर उन्हात पटांगणात उभं केलं. डोक्यावर कीबोर्ड, त्याची वायर गळ्याभोवती. समोर सगळी शाळा जेवायला बसलेली.

“बघा रे, जंगलातली इंजिनेर!”

पोरं हसली. मैनेनं दोन्ही हातांनी कीबोर्ड घट्ट धरला होता. कीबोर्ड पडला तर आणखी काय होईल, या भीतीनं ती रडतही नव्हती.

मी म्हणाले, “सर, नियम माझा आहे. तिची काही चूक नाही.”

“मग तुम्ही धरा डोक्यावर. वझं उचलायची सवय हाय की तुम्हाला. रिझर्वेशनवर खुर्ची भेटली म्हणून अक्कल भेटत न्हाई, बाई.”

वाढणाऱ्यांचे हात थांबले. अशा वेळी ‘जाऊ द्या’ म्हणून बाजूला होण्यातच माझी इतक्या वर्षांची नोकरी सरली होती. त्या दिवशीही तेच ओठावर आलं होतं. मैनेनं माझ्याकडं पाहिलं. ती मदत मागत नव्हती. मी काही करणार नाही, हे तिनं गृहीतच धरलं होतं. ते मला झोंबलं.

कीबोर्ड काढून घेतला. तिचा हात धरला. चपलांसकट आत गेले आणि सरांच्या खुर्चीत मैनेला बसवलं.

सर दारात आले. “करा, करा. जाळा मशीन.”

मला काही येत नव्हतं. फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह मशीनला लावलेलाच होता. कीबोर्डची वायर जागी खोचली. बटण दाबलं. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला: भाषा कोणती? खाली लांबलचक यादी. मैना खाली खाली जात थांबली.

“बाई, मराठी हाय.”

होती. पहिल्या दिवसापासून होती. बंद दाराआड सर एवढंच लपवत होते, की मशीन साधे प्रश्न विचारतं.

मराठी निवडली. मशीननं ठिकाण विचारलं. मग विचारलं, आधीचं सगळं पुसायचं का? मी घाबरले. मैना म्हणाली, “पुसायचंच हाय की. अर्धंच तर हाय ते.” तोवर खिडकीत मुली जमल्या होत्या. एक ओरडली, “आधार काढताना विचारतेत तसंच विचारून राहिलं की गं हे!” सगळ्या हसल्या. या वेळी सर हसले नाहीत.

मग प्रश्न आला: तुमचं नाव काय?

मैनेनं माझ्याकडं बघून खात्री केली, तिचंच ना. मग एका बोटानं अक्षरं शोधू लागली. नाव अर्धं झालं आणि सरांनी वायर उपसली. पडदा काळा.

“झालं शिकून? निघा.”

पोरीनं नकळत केलं ते त्यांनी जाणूनबुजून केलं. त्यांच्या डोक्यावर कोणी काही ठेवलं नाही.

मला नांदेडला अध्यक्षांसमोर बोलावलं. “माफी मागा आन् विषय संपवा, बाई. पोरगं तापट हाय, मनानं वाईट न्हाई.”

“आणि मैनेची माफी कोण मागणार, साहेब?”

“कोण मैना?”

मैनेला तिचा बाप घेऊन गेला. मी गुड्यावर जाऊन आले. ती घरामागं गेली, समोर आली नाही. शाळेत परतलेली नाही. यात गोड काही नाही आणि मी शोधतही नाही.

माफी मी मागितली नाही. मागणार नाही. खोलीला कुलूप आहे. मी लातूरहून एक जुना लॅपटॉप आणून वसतिगृहाच्या व्हरांड्यात ठेवलाय. हवी ती मुलगी तो पुसते आणि नव्यानं उभा करते. भाषा निवडते, नाव घालते, पडद्यावरचं चित्र ठरवते. चित्रावरून भांडणं होतात. अर्ध्यात बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून. चुकली तर कोणी ओरडायचं नाही.

सरांनी तक्रार केली आहे. बदली येईल. ती येईपर्यंत इथल्या एकेका मुलीच्या हातून हे करून घेणार, आणि पाठवतील तिथंही हेच करणार. थांबवायचं असेल तर मला हाताला धरून बाहेर काढावं लागेल, सगळ्या मुलींसमोर. त्या लॅपटॉपसमोरून मी आपणहून उठणार नाही.