साडूचं वजन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच नाही — कारण यात तिचा बाप आहे, तिचा भाऊ आहे, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आणि तिचा स्वतःचा नवरा आहे, म्हणजे मी. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडतोय. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

शहाद्यात अजूनही कुणी ना कुणी विचारतं — तुमची ती विमान कंपनी का बुडाली हो? आणि मी काय करतो ठाऊक आहे? भाषण ठोकतो. म्हणतो, पेट्रोल नंदुरबार स्टेशनवर डब्यांतून यायचं, कधी यायचं, कधी नाही. म्हणतो, आमची काळी जमीन. पावसाळ्यात धावपट्टीवर म्हैस फसायची, विमानाची काय कथा? चार महिने विमान ताडपत्रीखाली उभं, आणि मेकॅनिकचा पगार मात्र चालूच. म्हणतो, टपालाचं काम मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी पळवलं. रेल्वे स्वस्त. लोक विमान बघायला गाड्या जुंपून यायचे आणि तिकीट म्हटलं की पाय मागे घ्यायचे! हे सगळं खरं आहे हो. यातला शब्द खोटा नाही. पण खरं बोलूनही माणूस खोटारडा असू शकतो की नाही?

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा सरकार जुनी विमानं विकायला काढत होतं. त्यातलं एक लहानसं विमान आमच्या सासऱ्यांनी आणि शहाद्याच्या एका मारवाडी शेठजींनी मिळून घेतलं. सासरे कळसाडीचे, उसाचे मोठे बागायतदार. मी म्हसावदचा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी येणारा, बिनकामाचा धाकटा जावई. झालो मॅनेजर! विमान चालवायला आणले कॅप्टन सोराब. नवसारीचे पारशी, लढाईत विमानं चालवलेले, शिडशिडीत, हसरे. माझ्याशी गुजरातीत बोलायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "भाऊ, वजन तू सांभाळजे. बाकी बधुं हुं सांभाळी लईश." वजन तू बघ, बाकी सगळं मी बघतो. एवढंच एक काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं.

जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी मोजायचा काटा होता, तसलाच एक आम्ही धावपट्टीच्या कडेला मांडला. माणूस आला की सामानासकट काट्यावर चढवायचा. कॅप्टनांनी मला नीट समजावलं होतं — ऊन चढलं की हवा पातळ होते, तेच विमान कमी वजन उचलतं, म्हणून आपण पहाटेच निघायचं. सातपुडा ओलांडायचा असेल तर मग बोलायलाच नको. मला हे सगळं कळत होतं. मी अडाणी नव्हतो. अडाणी असतो तर आज एवढी चीड आली नसती.

दुसरा उन्हाळा लागला तेव्हा कंपनी शेवटच्या घटका मोजत होती. तेवढ्यात धाकट्या मेहुण्याचं लग्न ठरलं, सोयरीक इंदूरची. शेठजींची कल्पना — नवरदेव विमानातून न्यायचा! एकदा का खानदेशभर बोभाटा झाला की लग्नसराईत प्रत्येक पाटील विमान मागेल आणि कंपनी तरेल. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडे लग्नात माणूस घर विकेल, पण मानपान सोडणार नाही.

आणि त्याच मानपानानं घात केला. सगळे मुकाट्यानं काट्यावर चढले. नवरदेव चढला, मामा चढले, प्रत्यक्ष सासरे चढले. थोरले साडू तेवढे अडले. आडव्या अंगाचा माणूस, नाकावर माशी बसू न देणारा. भर गर्दीत ओरडले, "मी काय कापूसनी गाठ शे का? जवाईले तराजूवर बसाडतस?" झालं! रुसले, आणि जाऊन आपल्या बैलांच्या दमणीत बसले. जावई रुसला म्हणजे लग्न अडलं. मग समजूत काढणं आलं. नवं पागोटं आणायला माणूस शहाद्याला पिटाळला. तो येईस्तोवर सूर्य डोक्यावर आला. चैत्रातलं खानदेशातलं ऊन — तुम्हाला काय सांगायचं!

पागोटं आलं, साडू हसले, थेट जाऊन पुढच्या जागेवर बसले. काट्याचं नाव काढायची कुणाची छाती? बरं, त्यांची समजूत काढण्याच्या गडबडीत गड्यांनी शेपटाकडच्या खोपच्यात आहेराची तांब्या-पितळेची भांडी कोंबली होती. हे मी पाहिलं होतं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॅप्टनांनी कपाळावरचा घाम पुसला, उन्हाकडे पाहिलं आणि मला विचारलं, वजन किती? जास्त असेल तर दोघांना उतरवू.

दोघांना? कुणाला? मामाला? साडूंना, आत्ता समजूत घालून बसवलेल्यांना? सासरे माझ्याकडे बघत होते. ज्यांच्या घरचं मी खातो ते सासरे. मी सगळ्यांचा मिळून आकडा सांगितला, आणि त्यात साडूंचं वजन धरलं — माझ्या बायकोइतकं! ती तर फुंकरीनं उडेल अशी बाई. भांड्यांचा शब्दही काढला नाही. कॅप्टन माझ्या पाठीवर थाप मारून आत चढले. त्यांना माझ्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

विमान धावलं. धावतच राहिलं. उचललं, पण उचललं कसलं — चाकं शेवटच्या बांधावरच्या बाभळीत अडकली आणि विमान पलीकडच्या उसात तोंडावर आपटलं. बाकीच्यांना खरचटलं, साडूंचा हात मोडला. कॅप्टनांचा गुडघ्याखालचा पाय चिरडला. आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते, आणि सारखे विचारत होते की नवरदेव ठीक आहे ना.

मोठ्या कंपनीचं एक विमान पडलं तर दुसरं उडतं. आमचं एकच होतं. एकाच बैलावर शेती करायला निघालेली माणसं आम्ही, दुसरं काय?

त्याच संध्याकाळी सासऱ्यांच्या गड्यांनी भांडी गाडीत घालून कळसाडीला नेली. मी गाडीला वाट करून दिली. मुंबईहून चौकशीचे साहेब आले तेव्हा उसात नुसता सांगाडा होता. त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलेलं वजन बरोबर होतं? मी म्हणालो, बरोबर होतं. एका दमात म्हणालो, अडखळलोसुद्धा नाही! हे दवाखान्यात, शेजारी खाटेवर कॅप्टन पडले होते. त्यांनी ते ऐकलं आणि साहेबांना म्हणाले — वजन बरोबर असेल, तर चूक माझ्या हाताची.

त्यांचा परवाना गेला. बाजारात लोकांनी ठरवूनच टाकलं, पारशी प्यालेला असणार. मी तसं कधी म्हणालो नाही. पण नाही असंही म्हणालो नाही, आणि हे म्हणजे काय मोठी सभ्यता झाली? आजही लग्नाच्या पंगतीत साडू मोडलेला हात दाखवतात आणि म्हणतात, "त्या पारशीनी मारेलच व्हतं आम्हाले!" लोक हळहळतात. मी पानावरची जिलेबी चिवडत बसतो. साडूंचा संताप येतो, सासऱ्यांचा येतो, त्या पागोट्याचा येतो. पण त्यांना वजनातलं काय ठाऊक होतं? ठाऊक मला होतं. सगळा संताप फिरून माझ्याच गळ्याशी येतो.

पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे. एवढा वेळ भोवती फिरतोय, तुमच्या ध्यानात आलं असेल.

काही वर्षांनी कापसाच्या कामासाठी नवसारीला गेलो होतो. कॅप्टन बहिणीच्या बेकरीत गल्ल्यावर बसलेले दिसले. मी तोंड चुकवून निघालोच होतो — त्यांनीच हाक मारली. कुबडी घेऊन उठले, मला खुर्ची दिली, चहा मागवला, गरम नानकटाई पुढे ठेवली. नवरदेवाला मुलंबाळं काय, विचारलं. मग कुबडी गल्ल्याला टेकवून ठेवली. दोन्ही हात पुढे धरले, विमानाचा दांडा धरावा तसे, आणि हळूच मागे ओढून दाखवले. पुन्हा दाखवले.

"भाऊ, तू तो बहार ऊभो हतो," ते म्हणाले. "साचुं बोल — मारो हाथ क्यां चूक्यो?"

खरं सांग, माझा हात कुठे चुकला. इतकी वर्षं माणूस तेच शोधत बसला होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. सासरे वारले होते, कंपनी मोडीत गेली होती, मला कुणाचं भय नव्हतं. कुणाचंही नाही!

मी म्हणालो, "जरा उशिरा ओढलंत."

त्यांनी मान हलवली. मलाही तसंच वाटायचं, म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि त्यांनी बहिणीला माझ्यासाठी आणखी एक चहा करायला सांगितला.

तो चहाही मी प्यालो.