पिवळे खांब

तिकीट न काढता, काही विकत न घेता, इथे का बसलात याचं कुणालाही उत्तर न देता या शहरात तुम्ही शेवटचे कुठे बसला होतात?

माझी आई आमच्या टेकडीतल्या लेण्यात बसायची. विदर्भातून आम्ही पुण्यात वारज्याला आलो तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. वडील कारखान्यात, घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे. वाचायला मी त्यांवरच शिकले; आता तशी पत्रकं मीही वाटते. दुपारी पत्रा तापला की आई मेथीची जुडी घेऊन लेण्यात जायची. चार कोरीव खांब, गार ओटा, दार नाही. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि पत्ते कुटणारे आजोबा. "कोण पाहिजे?" असं तिला कुणी विचारलं नाही, अशी ती पुण्यातली एकच जागा.

गेल्या दिवाळीआधी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी लेण्याची साफसफाई काढली. आणि चारही खांबांना पिवळा ऑइलपेंट दिला. त्यांचे म्होरके, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, हात पुसत उभे होते.

"काका, हे काय केलंत?"

"रंग दिला. तुमच्याकडे देत नाहीत दिवाळीला?"

"अहो, खाली वेलबुट्टी होती!"

"होती ना. झिजलेली. आपण पत्रकं वाटा, आम्ही कामं करतो."

त्यांना शिव्या घालणं सोपं होतं. पण ते लेणं इतकी वर्षं रोज सकाळी झाडलं होतं ते त्यांनीच, मी नाही.

दिवाळी सरली आणि पुरातत्त्व खात्याने लेण्याला लोखंडी जाळी बसवली. दाराला कुलूप. आई पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

"काऊन जी भाऊ, कुलूप काऊन लावलं?" तिने रखवालदाराला विचारलं.

"उघडं ठेवलं की लोक रंग फासतात, मावशी."

"मंग रंग काढला का?"

"त्याला तज्ज्ञ लागतात. ते कुठे आलेत अजून?"

"आणि ते येईपर्यंत?" मी विचारलं.

"बंद. बंद असलं की तक्रार येत नाही."

म्हणजे रंग आत सुखरूप आणि माणसं बाहेर! ज्यांना दगडातलं कळतं, त्यांनी कुणाला चार शब्दांनी समजावलं नाही. कुलूप घातलं आणि मोकळे झाले. काका अजूनही रोज येतात. जाळीतून झाडू आत घालतात आणि हात पोचेल तेवढं झाडतात. आई मात्र घरीच पंख्याखाली भाजी निवडते. विषय काढला की म्हणते, "जाऊ दे नं, आपलं थोडीच होतं थे." कुलपापेक्षा मला या वाक्याचा जास्त संताप येतो.

म्हणून येत्या रविवारी सकाळी या. पुस्तक, पत्ते, निवडायची भाजी, जे असेल ते घ्या आणि जाळीसमोर बसा. रखवालदार आला की आधी रंग काढणारी माणसं मागा, मग किल्ली. आईलाही मी घेऊन येणार आहे; तिच्याशेजारी तुमची जागा धरून ठेवते. रंगाचा डबा तेवढा घरी ठेवा.