शिकागोतला सडा

आत माझी पोर रडायची थांबली. मी दाराबाहेर अनवाणी उभी, हातात रिकामी बादली. दार आपोआप लागलेलं. आत गॅसवर दूध होतं आणि ते करपल्याचा वास फटीतून येत होता.

शिकागोला येऊन अकरा दिवस झाले होते. साल शहात्तर, जानेवारी. इथलं दार ओढलं की लागतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सायखेड्याला आमच्या दाराला कडी होती, तीही रात्रीपुरती. दिवसा दार नुसतं लोटलं तरी आई ओरडायची, "घरात काय चोरीचा माल हाय का गं?" मी निघाले तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "कुठंबी ऱ्हाय, सकाळी दारात पाणी पडलं पाहिजे."

म्हणून मागच्या लाकडी गॅलरीत सडा टाकला. पाण्याची बघता बघता काच झाली. पाय घसरला, तोल सावरायला मी दार धरलं, आणि ते ओढलं गेलं.

हे कारखान्यात गेले होते. रोज बजावून जायचे, "कोणाशी बोलू नकोस." शेजारची काळी बाई दिसली की मी आत पळायचे, जशी काही मी गोरीच. आता तिचंच दार दोन्ही हातांनी बडवलं. ती केसांना रोलर लावून बाहेर आली. माझ्याजवळ इंग्रजीचा एकच शब्द होता. "बेबी," मी म्हटलं आणि खिडकीकडे हात केला.

"बेबी? इनसाइड?"

"बेबी!"

तिने घरातून लोखंडी तवा आणला आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी फोडली. मनगट कापलं, तरी तशीच आत शिरली. आत धूरच धूर. दुधाचं पातेलं लाल झालेलं, शेजारचं फडकं पेटलेलं. यांनी आणलेला उंच पाळणा मला पटला नव्हता, म्हणून पोरीला जमिनीवर गोधडीत निजवलं होतं. धूर वर होता, पोर खाली होती. रडून रडून झोपली होती.

संध्याकाळी यांनी आधी खिडकी पाहिली. "कोणाशी बोललीस?"

"जिने पोर काढली तिच्याशी."

त्यानंतर हे पुन्हा तसं बोलले नाहीत. त्या बाईचं नाव डोरिस. पुढे सकाळी दिसली की विचारायची, "नो वॉटर टुडे?" आणि खो खो हसायची. आईला मी पत्रात लिहिलं, रोज सडा टाकते. ते खोटं होतं.

मागे सायखेड्याला गेले, तर भावाच्या दारालाही तसलंच कुलूप. मी अंगणात निघाले तशी भावजय म्हणाली, "आक्का, किल्ली घ्या हां." मी पदराची गाठ दाखवली. त्या सकाळपासून पदराला बांधलेली शिकागोची किल्ली तिथेही होती. ती जिथली, ते माझं घर. दुसरं मला सांगता येत नाही.

आई गेली, डोरिस गेली, हेही गेले. पोर पन्नाशीला आली. त्या सकाळच्या आता आम्ही दोघीच आहोत.