फोरमन कॉलेज बघायला निघाले

दूध उतू जायला आणि दार वाजायला एकच गाठ पडली. गॅस बंद केला, हातातल्या फडक्यासकट दार उघडलं, तर समोर खालच्या गॅरेजचे फोरमन. भांग पाडलेला, शर्ट इस्त्रीचा, नखांतलं ग्रीस सोडलं तर बाकी माणूस लख्ख.

"आमच्याकडे बिघडलेलं काही नाही हो फोरमन, मी सोडून!" आतून आमच्या ह्यांनी आवाज दिला.

"तुमचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत साहेब," फोरमन म्हणाले आणि माझ्या हातात एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली. विद्यापीठाच्या नर्सिंगच्या पदवीची. "वहिनी, जरा वाचून सांगा. शनिवारपर्यंत होकार द्यायचाय, नाहीतर पोरीची जागा दुसरीला जाईल."

फोरमन हे त्यांच्या नोकरीचं नाव नव्हे. गॅरेज त्यांचंच, कामाला ते आणि मेहुणा. पण ज्या थाटात ते मेहुण्यावर ओरडतात, त्यावरून गल्लीने त्यांना बढती देऊन टाकली. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी फोरमनना दाखवायची. ते बॉनेट उघडतात, कान लावतात, आधीच्या मालकाला फोन करतात आणि मग सांगतात, "घ्या", नाहीतर "हिला हात जोडा आणि घरी जा."

आणि पोरगी म्हणजे पट्टी. गॅरेजमध्ये कुणाचं बोट चेमटलं की हीच धावते, म्हणून मामाने ठेवलेलं नाव. तिला ही पदवीच करायची होती. मामाचं म्हणणं निराळं.

"तो म्हणतो, लहान कोर्स कर आणि लाग कामाला. सुई तीच, टोचायची जागा तीच. चार वर्षं कशाला घालवायची?"

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत नाही म्हणून तर आलो. एवढं शिकून शेवटी बेडपॅनच उचलायचं असेल, तर पोर मला आयुष्यभर बोल लावेल. आणि नको म्हटलं, तरीही लावेल."

मी पुस्तिका वाचली. भवितव्य दर पानावर उज्ज्वल होतं. विषय होते, फोटोही होते. पण मुलींना खऱ्या पेशंटजवळ कधी नेतात, शिकून गेलेल्या पुढे काय करतात, याचा पत्ता नव्हता.

"रंग इतका चकचकीत असला ना, की मी आधी पत्रा ठोकून बघतो," फोरमन म्हणाले. "चला वहिनी, बघून येऊ. मी एकटा गेलो तर वॉचमन विचारेल, कुणाची गाडी बंद पडली?"

ह्यांना उरलेलं दूध सांभाळायला सांगून मी निघाले.

कॉलेज हॉस्पिटलच्याच आवारात होतं. तिथल्या शिक्षिका हसऱ्या निघाल्या. त्यांनी सरावाची खोली दाखवली. ओळीने पलंग, त्यांवर रबराचे पेशंट. दाराजवळच्याला मुली आजोबा म्हणत. आजोबांचा दंड सुया टोचून टोचून चाळणी झाला होता, त्यावर दोन ठिकाणी चिकटपट्टी. मला जरा कसंसंच झालं. फोरमनचा चेहरा मात्र खुलला.

"वापर आहे," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "नाहीतर पाने-पकडी कपाटात आणि गिऱ्हाईक वाऱ्यावर."

मग त्यांनी बाईंना जे फैलावर घेतलं! वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती मुली? ज्या वॉर्डात शिकवतात, तिथे पेशंट असतात का, की नुसत्या गाद्या? शेवटी म्हणाले, "आणि जुन्या मालकांशी… म्हणजे इथून शिकून गेलेल्यांशी बोलता येईल?"

बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "इतकं तर आम्हाला तपासणीवालेही विचारत नाहीत." आणि त्यांनी आम्हाला हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवलं. ती आता वॉर्डची प्रमुख होती.

ती सिस्टर एका पेशंटचं सलाईन बघता बघता बोलत होती. "खोटं कशाला सांगू? पाय दुखतात, रात्रपाळ्या असतात, आणि हो, बेडपॅनही उचलावं लागतं. लहान कोर्स केलेल्याही इथे आहेत, कामात वाघिणी आहेत. पण पदवीमुळे मला पुढचे रस्ते सोपे झाले. माझ्या वर्गातली एक आता शिकवते, एक वस्तीवस्तीत फिरून बाळंतिणींचं बघते, एक पुढे शिकतेय. आणि डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला, तर तोंड उघडायचं कसं, ते मी ह्या चार वर्षांत शिकले." मग सलाईनवरून नजर काढून तिने विचारलं, "मुलगी कुठाय?"

"घरी," फोरमन म्हणाले.

"अहो, मग शिकणार कोण? तुम्ही?"

शेजारच्या पलंगावरची म्हातारी खुदकन हसली. फोरमनना घाम फुटला, कारण त्यांचा स्वतःचा नियम गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे: जो चालवणार, तो सीटवर बसल्याशिवाय गाडीला हो म्हणायचं नाही. नवऱ्याने बायकोसाठी गाडी दाखवायला आणली आणि बायको घरी ठेवली, तर ते गाडीला हातसुद्धा लावत नाहीत. आणि इथे स्वतःच्या लेकीची चार वर्षं ते एकटेच तपासत होते.

आम्ही बसने परतलो. आमचा थांबा आल्यावर फोरमन म्हणाले, "मेहुण्याला सांगू नका. तो मला जन्मभर चिडवेल."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघेच गेले. संध्याकाळी फोरमन पुन्हा आमच्या दारात. मागे जिन्यावर पट्टी, मामाला फोनवर कॉलेजची हकीकत सांगत.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी बाईंना फीचं विचारत होतो, आणि ही गेली ती थेट आजोबांची कललेली उशी सरळ करायला. रबराचा माणूस हो! मग हिने विचारलं, पेशंट दगावला तर त्या दिवशी मुलींशी कोण बोलतं? मी एवढे प्रश्न विचारले, पण हा काही मला सुचला नव्हता."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"खुर्ची ओढून बसल्या. हिला जवळ बसवून घेतलं. पहिल्यांदा असं झालं की शिक्षिका मुलींबरोबर थांबते, रडू देते, मग चहा पाजते, असं बरंच काही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो."

पट्टी वर आली. "काकू, मी तिथेच शिकणार. मामा पण हो म्हणाला. म्हणतो, पहिलं इंजेक्शन बाबांना दे."

"त्याला गॅरेजमधून काढून टाकीन," फोरमन म्हणाले. पण हसू त्यांच्या मिशीत मावत नव्हतं. मग पोर आत पाणी प्यायला गेली, तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, एक काम कराल? शनिवारी ॲडमिशन घ्यायला हिच्याबरोबर तुम्ही जा. मी आलो, तर परत प्रश्न विचारत बसेन."