निरगुडीचा पाला

लेकीने गुडघ्याला मलम चोळलं, निरगुडीचा उग्र वास आला आणि मी थेट भामरागडकडच्या त्या गावात पोचले.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली मी तिथे नर्स होते. सुजेवर पाला बांधून येणाऱ्या बायांना दटावायचे, पाला फेकायला लावून गोळ्या द्यायचे. एका पावसाळ्यात पुराने रस्ता तुटला, गोळ्या संपल्या आणि माझाच घोटा सुजला. जिच्या हातावरचा पाला मी फेकायला लावला होता, तीच मैनाबाई गरम पाला घेऊन आली.

“गोळ्या सरल्या ना बाई? पाला नाई सरला,” ती हसली.

त्या वासात मला गाढ झोप लागली.

पाला बांधणारी तिची बोटं आज दिसतात. ती तशीच सुजलेली होती. मी रागावेन म्हणून तिने स्वतःला पाला बांधला नव्हता.